पापडाचा परिच्छेद

सर गेले, त्यानंतरही जवळजवळ दोन वर्षं दर सोमवारी सकाळी त्यांना एक पत्र यायचं. पत्र म्हणजे ईमेल. तुमच्या जबाबदारीचं एक पान आहे, त्यावर ‘वापरू नये’ असा शेरा आहे, तुम्ही बरेच दिवस ते पाहिलेलं नाही, कृपया पाहावं, असा त्यातला मजकूर. सरांचं ईमेलचं खातं मीच उघडून दिलं होतं, पासवर्डही मीच ठरवलेला, त्यामुळे ते पत्र माझ्याच हाती पडायचं. धारच्या कॉलेजात पहिला तास आटोपला की प्रयोगशाळेमागच्या खोलीत बसून मी ते उघडायचे. गेलेल्या माणसाला कामाची आठवण करून देणाऱ्या त्या यंत्राचा मला संताप यायचा. आणि एखाद्या सोमवारी पत्र यायला उशीर झाला तर जीव कासावीस व्हायचा, हेही खरं.

सर म्हणजे मला देवासला बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवणारे सर. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझे वडील खानदेशातून देवासच्या इंडस्ट्रियल एरियात नोकरीला आलेले, आम्ही क्वार्टरमधली माणसं. सरांचं घराणं आमच्या कितीतरी आधीचं, संस्थानाच्या चाकरीत आलेलं. त्यांच्या घरी मराठी इतकी जुनी आणि अदबीची बोलली जायची की माझी आई तिथं गेली की पदर सावरून बसायची. मी शाळेपासून हिंदी मीडियमची. मराठी बोलायचे खणखणीत, वाचताना मात्र ठेचा खायचे. “बोलतेस तर झकास,” सर म्हणायचे, “वाचताना काय बैलगाडी हाकून राहिलीस?” त्यांनीच मला मराठी वाचायला लावलं, त्यांनीच इंदूरला एम.एस्सी.ला पाठवलं. पुढे मी पीएच.डी. केली, धारला नोकरी लागली, ते सगळं त्यांच्यामुळे. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही, पुढचं समजावं म्हणून लिहिते आहे.

काही प्रयोग इतके मोठे असतात की एका संस्थेच्या किंवा एका देशाच्या आवाक्यात बसत नाहीत. सर ज्यात होते आणि त्यांच्यामागून मीही ज्यात शिरले, तो तसा होता. आकाशातून सतत कण येत असतात, ते पकडायचे. त्यासाठी काचेच्या चपट्या पेट्या: दोन काचा, मध्ये अगदी बारीक फट, फटीत गॅस, आणि काचांवर हजारो व्होल्ट. कण गेला की इवलीशी ठिणगी, तिची नोंद घ्यायची. अशा पेट्या ढिगांनी लागणार होत्या आणि निरनिराळ्या देशांतली शेकडो माणसं त्यावर काम करत होती. त्यांतली बहुतेक एकमेकांना कधी भेटलेलीही नव्हती.

त्यात देवासचे सर कसे? तर नमुन्याच्या दोन पेट्या कुणीतरी त्यांच्या कॉलेजाला प्रयोगासाठी दिल्या होत्या. मोठमोठ्या ठिकाणी, थंडगार हॉलमध्ये, तसल्या पेट्या वर्ष-दीड वर्षात जळायच्या. सरांनी त्या देवासच्या धुळीत, दिवसातून चारदा लाइट जात असताना, वर्षानुवर्षं जिवंत ठेवल्या. ही गोष्ट पसरली. मग कुणाची पेटी कुरकुरायला लागली की सरांना फोन यायचा. रिटायर झाल्यावरही कॉलेजाने मागची खोली त्यांच्याकडेच राहू दिली आणि फोन घरी यायला लागले. काकू फोन उचलून सांगायच्या, “डॉक्टरसाहेब अंघोळीला गेले आहेत,” आणि आम्ही हसायचो. पेट्यांचे डॉक्टर.

मग विकी आला. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. विकी म्हणजे प्रकल्पातल्या कुणालाही लिहिता येईल, कुणालाही दुरुस्त करता येईल अशा पानांचा गठ्ठा, इंटरनेटवर ठेवलेला. कुणी, कधी, कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, सगळं मागे जपून ठेवलेलं. कितीही खोडा, जुनं पान ‘इतिहास’ या बटणाखाली शाबूत. आमचे समन्वयक बैठकीत म्हणाले होते की ज्ञान माणसांच्या डोक्यात ठेवणं धोक्याचं आहे. उद्या तुमच्यातलं कुणी बसखाली आलं तर काम थांबता कामा नये. सगळे हसले. ठरलं असं की दर विषयाला एक पान, आणि दर पानाला एक जबाबदार माणूस, त्याचं नाव वर. पेटीला पहिल्यांदा व्होल्टेज कसं द्यायचं, हे पान सरांच्या नावावर आलं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंना भाजीवाल्याच्या देखतच सांगितलं.

पण सरांना टाइप येत नव्हतं, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मग मी दर रविवारी धारहून निघायचे, इंदूरला बस बदलून दहापर्यंत देवासला पोचायचे. सर आरामखुर्चीत बसून सांगायचे, थोडं मराठीत, थोडं हिंदीत, मी त्याचं इंग्रजी करायचे आणि त्यांच्या नावाने आत शिरून टाइप करायचे. साडेअकराच्या सुमारास काकू पोहे आणायच्या, वर शेव आणि जिरावनचा मसाला. पुढे मला पोहेच नकोसे झाले, पण तेव्हा मी दोनदा घेत होते.

त्या पानाच्या शेवटच्या रविवारी सरांनी पापडाचं सांगितलं.

“आता लिही,” ते म्हणाले, “उडदाचा पापड भाजून पेटीशेजारी ताटलीत ठेवावा. अर्ध्या तासानं मोडून पाहावा. कडकन मोडला तर व्होल्टेज चढवायला हरकत नाही. वाकला, तर त्या दिवशी पेटीला हात लावू नये. बल्ब लावून खोली कोरडी करावी, दुसऱ्या दिवशी नवा पापड.”

मी हसले. सर हसले नाहीत. देवासच्या प्रयोगशाळेतला ओलावा मोजायचा काटा बारा महिने एकाच आकड्यावर ठाण मांडून बसलेला; पापड त्यापेक्षा प्रामाणिक, असं त्यांचं म्हणणं होतं. मुद्दा साधा होता. हवेत ओल असली की काचेवर बाहेरून न दिसणारा पाण्याचा थर बसतो, त्यावरून वीज वाहते आणि पेटी जळते. जिथं काटे चालतात तिथं काटा पाहा, नसेल तिथं पापड पाहा, पण ओल पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. त्या पानातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट होती.

ती मी लिहिली नाही.

का, ते सांगते. मला लाज वाटली. इतक्या देशांतली माणसं ते पान वाचणार, आणि त्यात पापड! बैठकांना मी जायचे तेव्हा चहाच्या वेळी कोपऱ्यात उभी राहायचे, कुठून आलात विचारलं की धार न म्हणता इंदूरजवळ म्हणायचे. त्या लोकांच्या पानांवर आलेख असायचे, तक्ते असायचे. मी मनाशी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ओलाव्याचे नीट आकडे शोधून चांगला शास्त्रीय परिच्छेद लिहू, पापड नको. म्हणून मी तेवढा वेळ कीबोर्डवर नुसतीच बोटं वाजवली. सरांनी विचारलं, “वाचून दाखव बरं.” आणि मी पडद्याकडे बघत, जे तिथं नव्हतं ते, पापडासकट, वाचून दाखवलं. सरांनी मान डोलावली. मी बटण दाबलं. पुढचा आठवडा आला, कॉलेजात परीक्षा होत्या, मग लग्नसराई, आणि तो शास्त्रीय परिच्छेद राहून गेला तो गेलाच. ज्यांना काही लपवायचं नसतं त्यांचंही असं राहून जातं, म्हणून मला त्याचं काही वाटलंही नाही.

पुढच्या पावसाळ्यात समुद्रकाठच्या एका गावी नव्या पेट्या उतरल्या. तिथली मुलं नवी होती, त्यांना काही शिकवायला जुनं कुणी नव्हतं. होतं ते सरांचं पान. त्यांनी ते पायरी-पायरीने, एक अक्षर न चुकवता पाळलं. नऊ पेट्या जळाल्या. तिकडची एक मुलगी रडत होती, असं नंतर कुणीतरी बैठकीत सांगितलं. ही बातमी मला विकीवरच कळली. प्रत्येक पानाच्या मागे चर्चेचं पान असतं, तिथं एकाने लिहिलं होतं: “या पानात हवेतल्या ओलाव्याचा उल्लेखही नाही. इतका अनुभवी माणूस असं कसं विसरतो?” त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. संध्याकाळपर्यंत पानाच्या माथ्यावर लाल पट्टी आली: वापरू नये. तिच्या बरोबर खाली सरांचं नाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. कुणीतरी त्यांना फोन करून सांगितलं असणार.

“अगं, ते पापडाचं,” ते म्हणाले, “पानावर आहे ना?”

आता नेमकं तेव्हाच काय चाललं होतं, तेही सांगितलं पाहिजे. अशा प्रकल्पात शोधनिबंध निघतो त्यावर शेकडो नावं असतात, आणि त्या यादीत कुणाला घ्यायचं ते एक समिती ठरवते. माझा अर्ज त्याच महिन्यात समितीपुढे होता. तज्ज्ञाने सांगितलेलं गाळून त्याच्या नावावर अर्धवट पान चढवणारी बाई कोण यादीत घेणार?

“बघते, सर,” मी म्हटलं.

“बघ,” ते म्हणाले. मग त्यांनी तब्येतीचं विचारलं, धारला पाऊस किती झाला विचारलं आणि ठेवला.

चार दिवसांनी चर्चेच्या पानावर सरांच्या नावाने एक वाक्य दिसलं. इंग्रजीत होतं, साधंच: ओलाव्याबद्दलची सूचना लिहायची माझ्याकडून राहिली, चूक माझी आहे, मी क्षमा मागतो. कुणा भाच्या-पुतण्याकडून लिहून घेतलं असेल, असं मी धरून चालले. ते वाचून मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण तसंच वाटलं होतं. मी मूग गिळून गप्प बसले. महिन्याअखेर माझं नाव यादीत आलं. कॉलेजात पेढे वाटले.

रविवारचं जाणं मी बंद केलं. आधी कॉलेजाच्या नॅक तपासणीच्या कामाचं कारण सांगितलं, मग सासूबाईंच्या गुडघ्याचं. सरांकडचे फोन आटले. कोणाची पेटी बिघडली तर आता वेगळ्याच माणसाचं नाव सुचवलं जायचं. हिवाळ्याआधी एक टेम्पो येऊन कॉलेजातल्या त्या दोन पेट्याही घेऊन गेला. त्या अजून चालू होत्या. हे मला देवासच्या एका जुन्या वर्गमैत्रिणीने फोनवर सांगितलं, आणि पुढं म्हणाली, “सर गेटपर्यंत टेम्पोमागं चालत गेले गं, ड्रायव्हरला म्हणून राहिले होते, भिया, ब्रेक जपून मार.” पुढच्या वर्षीच्या थंडीत सर हृदयविकाराने गेले. मी तेराव्याला गेले, मागच्या रांगेत बसले, जेवण न घेताच निघाले.

त्यानंतर ते पान मला सोडेना. मी दिवसातून दोनदा, तीनदा त्याचा इतिहास उघडून बसायचे. विकीत काही हरवत नाही, हे आम्ही एकमेकांना किती अभिमानाने सांगायचो! तिथं प्रत्येक बदल होता. रविवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं, सरांचं नाव. म्हणजे पोहे आले ती वेळ. रविवार, बारा वाजून दहा मिनिटं, सरांचं नाव. म्हणजे मी हात धुऊन परत बसले ती वेळ. ओळीमागून ओळी, सगळ्या माझ्या बोटांनी लिहिलेल्या, आणि माझं नाव कुठेच नाही. त्या यंत्राला नाव कोणाचं ते कळत होतं, बोटं कोणाची ते कळत नव्हतं. जगात त्या पानाची खरी हकीकत ठाऊक असलेली मी एकटी उरले होते, आणि समन्वयक म्हणाले होते तशी मी बसखाली आले असते तर ती हकीकत संपलीच असती. कधी वर्गात शिकवताना पाठीमागे कुणी बाकावर बोटं वाजवली तरी मी दचकून वळायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पापड तर आमच्या घरी मी भाजणंच सोडलं. नवऱ्याला वाटलं, खारट बंद केलंय डॉक्टरांनी.

शेवटी एका रविवारी मी देवासची बस धरली. सरांच्या घराचं फाटक उघडून आत गेले. काकूंनी मला पाहिलं आणि चहा टाकला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, पापड, वाचून दाखवणं, फोन, यादी. काकू ऐकत होत्या आणि गाळणीतून चहा गाळत होत्या.

“मला काय सांगतेस?” त्या म्हणाल्या. “मी आहे का तुमच्या त्या विकीवर?”

मी रडायला लागले.

“बैस,” त्या म्हणाल्या. “त्यांना माहीत होतं. तू फोनवर ‘बघते’ म्हणालीस नं, तेव्हाच कळलं. मला म्हणाले, पोरीनं काढलं वाटतं ते.”

“मग मला बोलले का नाहीत?”

“म्हणायचे, येईल या रविवारी, आपण होऊन सांगेल. मी दोन मुठी पोहे जास्तीचे भिजवायचे. मग म्हणायचे, पुढच्या रविवारी येईल.” काकूंनी कप माझ्या पुढ्यात सरकवला. “दिवाळीपर्यंत भिजवले. मग सोडलं.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ते क्षमेचं वाक्य त्यांनी कोणाकडून लिहून घेतलं होतं?

“कोणाकडून घेणार? स्वतः बसले मशीनवर. जेवण झाल्यावर बसले ते चार वाजून गेले. भिंग घेऊन एकेक अक्षर शोधून राहिले होते. मी म्हटलं, बोलवा ना पोरीला, ती करेल पाच मिनिटांत. तर म्हणाले, हे तिच्याच्यानं लिहवणार नाही.”

परतीच्या बसमध्ये इंदूरपर्यंत मला काही दिसलं नाही. एका ओळीसाठी तीन तास. आणि मी धारला बसून ती ओळ वाचून सुटकेचा श्वास टाकला होता.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी माझ्या स्वतःच्या नावाने विकीत शिरले. पापडाचा परिच्छेद सरांनी सांगितला होता तसाच, पापडासकट, घातला. चर्चेच्या पानावर लिहिलं की हे पान सर सांगायचे आणि मी टाइप करायचे. ही सूचना त्यांनी दिली होती. मी ती लाजेपोटी गाळली आणि त्यांना ती आहे असं वाचून दाखवलं. नऊ पेट्या माझ्यामुळे जळाल्या. त्यांची चूक नव्हती. बटण दाबलं तेव्हा कॉलेजात मधल्या सुट्टीची घंटा होत होती. आता यादीतून काढलं तर काढू देत, असं वाटलं, आणि खरंच वाटलं, नुसतं म्हणायला नव्हे.

कुणी काढलं नाही. तसल्या पेट्या आता कोणी वापरतच नव्हतं, नवी रचना आली होती. तीन दिवस काही उत्तर नव्हतं. मग समन्वयकांचं पत्र आलं, मोजक्या ओळींचं, सभ्य. मी सांगितलं त्याबद्दल आभार, लाल पट्टी काढली आहे, पानावर सरांचं नाव राहील. आणि एक विचारायचं होतं: चर्चेच्या पानावर सरांच्या नावाने ‘चूक माझी आहे’ असं एक वाक्य आहे, ते आता असत्य ठरतं, तर ते पुसून टाकावं का?

मी आधी चर्चेच्या पानावर जाऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. मग लिहिलं, बाकी सगळं मी लिहिलेलं आहे, त्यातलं हवं ते काढा. ते वाक्य मात्र राहू द्या. सरांनी स्वतःच्या बोटांनी लिहिलेलं तिथं तेवढंच आहे.